मतदान झालं, उरलेल्या ३६४ दिवसांचं काय?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर काय बोलणं चालतं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अमक्याने मतं खाल्ली, तमक्याने आदल्या रात्री पाकिटं वाटली, आपल्या लोकांत एकी नाही. आठवडाभर हे चालतं. मग गटार तुंबतं, नळाला पाणी येत नाही, शाळेत शिक्षक कमी पडतात आणि आपण म्हणतो, "नगरसेवक इकडे फिरकतच नाही." पुढची निवडणूक येईपर्यंत आपलं राजकारण एवढंच.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांसाठी मतदान झालं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. म्हणजे जवळजवळ चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हातात होता. त्या चार वर्षांत कामं थांबली का? नाही. रस्ते खोदले गेले, अंदाजपत्रकं मंजूर झाली, आराखड्यांवर सह्या झाल्या. लोकप्रतिनिधी नसतानाही निर्णय होत राहिले. मग त्या काळात आपण नागरिक म्हणून कुठे होतो, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

हा प्रश्न मुसलमानांसाठी जास्त टोकदार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या साडेअकरा टक्के आहे. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार निवडून आले १०. प्रतिनिधी कमी आहेत ही तक्रार खरीच आहे आणि ती करत राहायला हवी. पण प्रतिनिधी कमी असतील तर नागरिकाने स्वतः करायची कामं वाढतात, कमी होत नाहीत.

सरकारी निर्णय एका दिवसात होत नाहीत. प्रत्येक निर्णयाआधी कायद्याने एक खिडकी उघडलेली असते. प्रारूप यादी लागते, हरकती मागवल्या जातात, सभा बोलावली जाते, अंतिम तारीख जाहीर होते. बहुतेक वेळा आपण ती खिडकी बंद झाल्यावर पोहोचतो, आणि मग मोर्चा काढतो.

बिहारचा धडा

२४ जून २०२५ रोजी निवडणूक आयोगाने बिहारमध्ये मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केलं. एसआयआर म्हणतात ते हेच. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा सुमारे ६५ लाख नावं त्यात नव्हती. मयत, स्थलांतरित, दुबार अशी ढोबळ कारणं सांगितली गेली; पण कोणाचं नाव कोणत्या कारणाने गेलं, ते लोकांसमोर नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ही नावं कारणांसह जाहीर करायला लावली.

पुढची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे. २२ ऑगस्टच्या सुनावणीत न्यायालयाने राजकीय पक्षांबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. पक्षांचे मिळून सुमारे १ लाख ६० हजार बूथस्तरीय प्रतिनिधी नेमलेले होते आणि त्यांच्याकडून हरकती आल्या होत्या फक्त दोन! पक्ष टीव्हीवर भांडत होते, पण कागद भरत नव्हते. ज्यांची नावं परत आली, त्यांच्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी दार ठोठावणारं, अर्ज भरून देणारं, पोचपावती मागणारं होतं.

आयोगाने ही मोहीम देशभर राबवायचं ठरवलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात गोव्यासह १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश आले. तेव्हा महाराष्ट्रातल्या घरांनी आपली कागदपत्रं तपासायला कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहू नये.

आपल्या घरांमधली अडचण काय असते? आधारवर "शेख", मतदार यादीत "शैख". एका कागदावर "मोहम्मद", दुसऱ्यावर "महंमद", तिसऱ्यावर नुसतं "मो.". आईच्या नावापुढे कुठे "बी", कुठे "बेगम", आणि निकाहनंतर पत्ता बदलला तरी नाव अजून माहेरच्या यादीत. ही चूक सरकारी टायपिंगची असो की आपल्या आळसाची, त्रास आपल्यालाच होतो.

यावरचे उपाय साधे आहेत. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ताबदलासाठी नमुना ८. अठरा वर्षं पूर्ण करणाऱ्यांसाठी आता वर्षाला चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे मुलगा किंवा मुलगी अठराची झाली की निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहायची गरज नाही.

आणि नमुना ७ कडे लक्ष ठेवा. तो यादीतलं नाव वगळण्यासाठी आहे, आणि त्याच मतदारसंघातला दुसरा मतदारही तुमच्या नावावर हरकत घेऊ शकतो. मात्र नाव काढण्याआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायलाच हवी, असं कायदा सांगतो. खोटं प्रतिज्ञापन देणं हा गुन्हा आहे. निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. हे सगळं मुदतीत केलं तर हक्क, मुदतीनंतर नुसती हळहळ.

कागदावर रेघ पडण्याआधी

कब्रस्तानात जागा नाही, मुलांना खेळायला मैदान नाही, वस्तीत दवाखाना नाही. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा विकास आराखड्यात असतं. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे कब्रस्तान, हे त्या नकाशावर आधी ठरतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्यानुसार नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. सूचना वर्तमानपत्रात छापून येते, ठरावीक दिवसांची मुदत असते, नंतर सुनावणी होते.

हरकतींनी काही होतं का? मुंबईचं उदाहरण बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यात ढोबळ चुका निघाल्या. जुन्या वास्तू आणि प्रार्थनास्थळं गायब होती, नको तिथून रस्ते गेलेले होते. हजारो हरकती आल्या. ख्रिस्ती समाजाने चर्चसाठी, गावठाणातल्या लोकांनी गावठाणांसाठी, संघटनांनी मोकळ्या जागांसाठी अर्ज दिले. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून चुका दुरुस्त करून नव्याने आणायला सांगितलं. एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा लोकांच्या अर्जांनी मागे घ्यायला लावला.

अंदाजपत्रकाचंही तेच. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा उपक्रम आहे. आपल्या प्रभागातलं छोटं काम, म्हणजे पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृह, नागरिक अर्जावर सुचवू शकतात. पण हे अर्ज अंदाजपत्रक तयार होण्याच्या कित्येक महिने आधी मागवले जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये "आमच्या भागाला काहीच नाही मिळालं" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. पैसे वाटायचे तेव्हा आपला अर्ज टेबलावर नव्हता.

गावात: वर्षातून चार वेळा

गावाकडच्या वाचकांच्या हातात तर शहरवाल्यांपेक्षा मोठं हत्यार आहे. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. घरकुलाचे लाभार्थी, विकास आराखडा, पंचायतीचा जमाखर्च हे सगळं तिथे यायला हवं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणंही बंधनकारक आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो पुरतो. आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे आपण गेलो नाही तर मूठभर लोक आपल्या नावाने निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि तेही पूर्ण कायदेशीरपणे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासी गावाचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. पण त्याआधी अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो, कागद समजून घेतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. हे गाव श्रीमंत नव्हतं, संख्येने मोठं नव्हतं, कोणत्या मंत्र्याचं लाडकं नव्हतं. ते नियमाने एकत्र बसत होतं, एवढंच. आपल्याकडे कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात कितीतरी गावांत मुस्लिम वस्ती चांगली आहे. त्यातली किती कुटुंबं मागच्या ग्रामसभेला हजर होती?

दहा रुपयांचं राजकारण

माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. त्याच्या मागे राजस्थानातल्या मजूर आणि शेतकऱ्यांची चळवळ होती. मजुरीची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर वाचून दाखवा, एवढीच त्यांची मागणी. १९९६ मध्ये ब्यावर शहरात ते चाळीस दिवस धरणे धरून बसले. त्या लोकांत अनेकांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आपण शिकलेली माणसं त्याच कायद्याखाली अर्ज करायला घाबरतो.

अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. एक पथ्य पाळा. "आमच्या वस्तीवर अन्याय का होतो?" असं विचारू नका. "आमच्या प्रभागात मागच्या तीन वर्षांत गटारांच्या कामासाठी किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, कामाच्या आदेशाची प्रत द्या," असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं आपोआप कळतं.

दाखले, प्रमाणपत्रं यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक सेवेला ठरलेले दिवस आहेत, आणि विनाकारण उशीर सिद्ध झाला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सोमवारी सकाळी थेट जाऊन उभं राहिलो की, "अर्ज आधी दिला होता का?" हाच प्रश्न येतो. पुन्हा तीच मुदत.

शाळेची समिती आणि घरातल्या बायका

२०१९-२० च्या थंडीत दिल्लीतल्या शाहीनबागेत आणि देशभरात आपल्या आया-बहिणी रस्त्यावर बसल्या. शांततेने, शिस्तीत, तान्ही मुलं मांडीवर घेऊन. तो प्रसंग कोणी विसरणार नाही. जमून शांततेने म्हणणं मांडण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे, आणि तो वापरायचा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. पण त्या धैर्याचं पुढे काय झालं? ज्या बाई थंडीत रात्र काढू शकतात, त्या मुलाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत का नाहीत?

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळांमधल्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या जागा महिलांच्या. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळाही यात आल्या. शिक्षकांची रिक्त पदं, पोषण आहार, मुलींसाठी स्वच्छतागृह, शाळेचा विकास आराखडा हे सगळं समितीसमोर येतं. बऱ्याच ठिकाणी समिती कागदावरच असते, मुख्याध्यापक नावं भरून टाकतात आणि रजिस्टर घरी पाठवून सही घेतात. सही करण्याआधी "मीटिंग कधी झाली?" एवढं विचारलं तरी फरक पडतो. ज्या आईने एकदा समितीत तोंड उघडलं, ती पुढे महिला सभेत आणि वॉर्ड ऑफिसात बोलायला कचरत नाही. राजकारणाची शाळा अशीच असते.

गोवंडीने काय केलं

"हे सगळं ठीक आहे, पण आपलं ऐकतो कोण?" हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर म्हणून गोवंडी बघा. मुंबईचा कचरा जिथे जातो ती देवनारची क्षेपणभूमी उशाला, आणि वस्तीला लागून शहरभरातल्या दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प. तिथे खोकला आणि क्षयरोग घराघरात माहीत आहे. रहिवाशांनी तक्रारी केल्या, कागद जमवले आणि अखेर एका स्थानिक संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत दुसरीकडे हलवायचा आदेश दिला. त्याच भागातल्या लोकांनी कब्रस्तानाच्या जागेसाठीही न्यायालयाचं दार ठोठावलं, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने महापालिकेला या दिरंगाईबद्दल खडसावलं.

आदेश झाला म्हणजे काम झालं असं नाही. अंमलबजावणीसाठी पुन्हा तेवढाच पाठपुरावा करावा लागतो, हे गोवंडीकर चांगलं जाणतात. पण ही माणसं कोणी मोठी नव्हती. त्यांच्याकडे तारखांनुसार लावलेली फाईल होती, आणि न्यायालयात भाषणापेक्षा फाईलचं वजन जास्त असतं.

फक्त आपल्यांपुरतं नको

आणखी एक गोष्ट थोडी स्पष्ट सांगायला हवी. आपल्या मागण्यांची यादी केली तर त्यातल्या बहुतेक शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती घरांच्याही असतात. पाणी, गटार, दवाखाना, शाळा, नशेखोरी. तरी आपण निवेदन देतो ते "मुस्लिम समाजाच्या वतीने", आणि अधिकाऱ्याला ते एका कप्प्यात टाकायला सोपं जातं.

महाराष्ट्रात "बाटली आडवी" ही पद्धत आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद. राज्यात अनेक ठिकाणी बायकांनी अशी दुकानं बंद पाडली आहेत. आता विचार करा. मिश्र वस्तीत ही लढाई एकट्या मुस्लिम बायका जिंकू शकतील का? नाही. शेजारच्या वहिनी, ताई, मावशी सोबत आल्या तरच आकडा पुरा होतो. अशा कामात जी ओळख होते, ती तणावाच्या रात्री उपयोगी पडते. शांतता समितीच्या बैठकीत होणारी ओळख तितकी टिकत नाही.

एक सावधगिरीही हवी. मस्जिद किंवा मदरशाच्या आवारात पक्षाचा प्रचार करायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. यादीत नाव तपासा, अमक्या तारखेला ग्रामसभा आहे, एवढी नागरिक म्हणून आठवण करून देणं वेगळं. कोणाला मत द्या हे सांगणं वेगळं. ही रेषा आपणच सांभाळायची.

मोहल्ल्याची डायरी

मग सुरुवात कुठून करायची? नवीन संघटना काढू नका. अध्यक्षपदावरून भांडणं होतात आणि लेटरहेड तेवढं उरतं. पाच माणसं पुरेत. त्यात किमान दोन बायका, एक कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी. एक साधी डायरी घ्या आणि त्यात तारखा लिहा. मतदार यादीच्या चार पात्रता तारखा. ग्रामसभा किंवा प्रभाग समितीची बैठक. अंदाजपत्रकाच्या सूचनांची मुदत. शाळा समितीची बैठक. लोकशाही दिनाच्या अर्जाचा शेवटचा दिवस. मग कामं वाटून घ्या. एकाने वर्तमानपत्रातल्या सरकारी जाहिराती वाचायच्या. एकाने बीएलओचा नंबर आणि यादीचा भाग क्रमांक ठेवायचा. एकाने दर अर्जाची पोचपावती फाईलला लावायची. वर्षाला दोन माहिती अर्ज, चार सभा, वीस घरांच्या नावांची दुरुस्ती. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

यातून सगळे प्रश्न सुटतील असा दावा कोणी करू नये. भेदभाव आहे, द्वेषाची भाषणं आहेत, बुलडोझरची भीती आहे, आणि ही दुखणी दहा रुपयांच्या अर्जाने बरी होणारी नाहीत. पण ज्या वस्तीची कागदपत्रं नीट आहेत, जिथली नावं यादीत आहेत, जिथल्या बायका सभेत बोलतात आणि जिथला शेजारी आपल्या बाजूने उभा राहतो, तिच्यावर हात टाकताना समोरचा दहा वेळा विचार करतो.

बोटावरची शाई पंधरा-वीस दिवसांत निघून जाते. डायरीतल्या तारखा तशाच राहतात. या जुम्याला नमाजनंतर चहा घेताना कोण जिंकलं, कोण हरलं हे जरा बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या वॉर्डात पुढची मुदत कोणती आहे, आणि तिची तारीख कोणाला माहीत आहे?